ठसेवाली अक्का

नागरत्नाबाई पतंगे आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात तेवीस वर्षं उपग्रंथपाल होत्या आणि त्यांना खुर्चीत बसलेलं पाहिलं आहे असं शपथेवर सांगणारा एकही माणूस मला म्हैसुरात भेटला नाही. खुर्ची होती. हातांची, फिरती, पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेली, अगदी सरकारी थाटाची. तिच्यात त्यांची पर्स बसायची. नवखा माणूस भेटायला आला की पर्ससमोर अदबीने उभा राहायचा आणि अक्का कुठून तरी बोलायच्या. शिडीवरून, कपाटामागून, जिन्यातून. आधी आवाज यायचा, मग चपला, मग अक्का. जाताना आधी अक्का जायच्या, मग चपला. आवाज बराच वेळ खोलीतच राहायचा.

सगळं विद्यापीठ त्यांना अक्का म्हणायचं. शिपाई उघड, कुलगुरू खाजगीत. काटकुळा बांधा, कानात म्हैसुरी कुड्या, अंगावर सुती साडी. रेशमी का नेसत नाही, असं मी एकदा विचारलं.

"अय्यो, सरसर वाजते हो ती," त्या म्हणाल्या. "मी येते ते माणसांना आधीच कळतं. पळून जातात."

माणसं पळून जात होती हे खरं होतं. का, ते पुढे येईलच.

घराणं रंगाऱ्यांचं. कापडावर लाकडी ठशांनी नक्षी उठवणारी ही मराठी घरं कितीतरी पिढ्यांपूर्वी म्हैसुरात येऊन राहिली. धंदा केव्हाच बंद पडला. आता कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी हूटगळ्ळीच्या कारखान्यांत. घरात मराठी उरली आहे, पण ती कन्नडच्या मांडीवर बसलेली. अक्कांचं वाक्य मराठीत निघायचं, वाटेत कन्नडात उतरून कॉफी प्यायचं आणि परत मराठीत चढायचं. मी सांगलीचा देसाई, तिथल्या प्रकाशन विभागात मुद्रितं तपासायला आलेलो. मला त्या 'देसायरे' म्हणायच्या. नावापुढचा हा 'रे' कन्नडात आदराचा असतो हे कळेपर्यंत पहिले सहा महिने मी आतल्या आत चिडत होतो.

आमची पहिली भेट ही वास्तविक चोरी होती, आणि माल माझा होता. बाजारामागच्या एका भंगारवाल्याकडून मी हौसेने एक कोरीव लाकडी ठोकळा घेतला होता. टेबलावर त्याच्यावर मी कॉफीचा पेला ठेवायचो. एक दिवस ही बाई आत आली, ग्रंथालयाच्या वार्तापत्राचं मुद्रित माझ्यासमोर टाकलं, पेला उचलून माझ्या हातात दिला, ठोकळा उलटा केला, त्याचा वास घेतला आणि पदराने पुसला.

"किती दिवस कॉफी सांडताय याच्यावर?"

"दोन वर्षं झाली असतील."

"देवा. हा मल्लिगे मोग्गु आहे, मोगऱ्याची कळी. कापडावर छापायचा ठसा. आमच्यातल्याच कुणाच्या तरी घरचा. तुम्हाला काय वाटलं, बशी?"

"बाई, मी तो विकत घेतलाय."

"सरी, बरं. विकत घेतला, म्हणजे तुमचाच. मी फक्त घेऊन चालले."

आणि खरोखरच घेऊन गेल्या. तिसऱ्या दिवशी परत आल्या त्या एक बशी घेऊन. खरीखुरी, स्टीलची. सोबत एक पांढरा हातरुमाल, त्यावर मोगऱ्याच्या कळीच्या नुसत्या रेघा उठवलेल्या.

"हा एवढाच येतो याच्यातून," त्या म्हणाल्या. "आतला रंग नाही, मागची जमीन नाही. ते दोन ठसे दुसऱ्यांकडे असणार. कुणाकडे, ते गोत्तिल्ल. म्हणजे मला माहीत नाही. आता तेच शोधतेय मी."

मग त्यांनी माझ्या टेबलाभोवती फेऱ्या घालत मला जे सांगितलं ते ऐकून मी मुद्रित बाजूला ठेवलं.

एक नक्षी उठवायला तीन ठसे लागतात. एक रेघांचा, एक आतल्या रंगाचा, एक जमिनीचा. या रंगारी घरांत वाटण्या झाल्या की ठसेही वाटले जात, पण सबंध नक्षी कुणाही एका भावाला मिळत नसे. थोरल्याला रेघा, मधल्याला रंग, धाकट्याला जमीन.

"म्हणजे भांडून चुली वेगळ्या केल्या, तरी छापायच्या दिवशी एकमेकांच्या दारात यावंच लागेल," अक्का म्हणाल्या. "आमचे म्हातारे हुशार होते. धंदाच बुडेल, हे तेवढं कळलं नाही त्यांना, पाप, बिचारे."

धंदा बुडाला आणि दारात जायचं कारणही संपलं. मग थोरल्याच्या नातवाकडे रेघा कुकरखाली, मधल्याच्या पणतीकडे रंग अटाळ्यावर, धाकट्याकडची जमीन भंगारात. सगळ्या म्हैसुरात एकाही घरात एकही नक्षी पुरी नाही. अक्कांचा बेत असा की प्रत्येक ठशाचा फोटो काढायचा, कापडावर त्याची छाप घ्यायची, त्या घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाकडून नक्षीचं नाव त्याच्याच आवाजात वदवून घ्यायचं आणि हे सगळं संगणकात घालून तिन्ही ठसे पडद्यावर एकावर एक बसवायचे. लाकूड ज्याचं त्याच्याकडे राहील. नक्षी मात्र एका जागी पुरी होईल.

यासाठी त्यांनी कुठल्याशा योजनेतून तीन वर्षांची मंजुरी आणली होती. ग्रंथालयाची जुनी पुस्तकबांधणीची खोली मिळवली होती. तिथे एक संगणक, एक कॅमेरा आणि सरसाचा कायमचा वास. संगणक विभागातल्या तरुण प्राध्यापिका डॉ. हरिणी मदतीला येत. कुठला ठसा कुठल्या ठशात बसतो ते ओळखणारा प्रोग्रॅम त्यांनी लिहायला घेतला होता. सगळं छान चाललं होतं. अडचण एकच होती. मंजुरी आणि अक्कांची नोकरी, दोन्ही एकाच जूनमध्ये संपत होत्या. त्यानंतर ती खोली रिकामी होणार आणि तो संगणक भांडारात जाणार, असा लेखी आदेशही निघाला होता. तोवर विद्यापीठातल्या कुणी तरी "हे आमचं" असं कागदावर म्हटलं नाही, तर जुळलेल्या नक्ष्या पुन्हा फुटणार होत्या.

म्हणून अक्का पळत होत्या, आणि म्हणून माणसं त्यांना पाहून पळत होती.

लोकसाहित्य विभाग म्हणाला, हे संगणकाचं काम. संगणक विभागाचे प्रमुख म्हणाले, हे संस्कृतीचं काम. इतिहास म्हणाला, फार अलीकडचं आहे. वस्त्रशास्त्र म्हणालं, फार जुनं आहे. कुणी नाही म्हणालं नाही. आमच्या विद्यापीठात नाही म्हणत नाहीत. "उत्तम काम, फार महत्त्वाचं काम," म्हणतात, कॉफी मागवतात आणि दुसऱ्या घोटाला विचारतात, "पण आमच्याकडे ते कसं बसेल?"

अक्का प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायच्या. "मी उद्या नसले, तर पासवर्ड कुणाकडे?" भल्या भल्या प्राध्यापकांची या प्रश्नाने बोबडी वळायची. कुणी म्हणालं, आपण मोठं उद्घाटन करू, मंत्र्यांना बोलावू. अक्का म्हणाल्या, "उद्घाटन नको सार. सांभाळणार कोण, ते नाव द्या." त्यावर कॉफी संपायची.

अर्ज मी लिहायचो, आणि त्यात मला आसुरी आनंद मिळायचा. एकाच कामाचे चार अर्ज. लोकसाहित्याच्या अर्जात म्हाताऱ्यांचे थरथरते आवाज, संगणकाच्या अर्जात आकृत्यांची गणिती जुळणी. एकदा मी मुद्दामच दोन पाकिटं अदलाबदल करून पाठवली. लोकसाहित्याच्या प्रमुखांनी गणिताचं पत्र वाचून कळवलं की हा विषय त्यांच्या विभागाला प्रथमपासून अतिशय जवळचा आहे. संगणकाच्या प्रमुखांना आपली आजी आठवली आणि ते अक्कांसमोर चक्क रडले. दोघांनीही शेवटी लिहिलं, तत्त्वतः मान्य. मात्र आमच्याकडे कसं बसेल ते पाहावं लागेल.

"रडले ते खरं रडले हो," अक्का मला म्हणाल्या. "मी रुमाल दिला. रुमाल परत दिला नाही, सही पण दिली नाही."

आता आयुधपूजेची गोष्ट.

एरवी कुणाच्या घरी ठसे बघायला जा, एकच उत्तर मिळतं. वर अटाळ्यावर आहेत, कोण काढणार, पुढच्या आठवड्यात या. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी म्हैसुरात हत्यारांची पूजा असते. बसला झेंडूच्या माळा, स्कूटरच्या चाकाखाली लिंबू, शिलाई मशीनला गंध, ग्रंथालयातल्या कात्रीलासुद्धा कुंकू. त्या दिवशी छपाई सोडून दोन पिढ्या झालेली रंगारी घरंही ठसे खाली काढतात, पाटावर मांडतात. वर्षातून तो एक दिवस. दुसऱ्या दिवशी पुन्हा अटाळा. म्हणून अक्कांची सगळी लढाई त्या एका दिवसाची: सकाळी सातला सुरुवात, संध्याकाळी दिवे लागायच्या आत शहरभरची घरं. तेही दसऱ्याच्या गर्दीत, जेव्हा अर्धं म्हैसूर रस्त्यावर असतं आणि उरलेलं अर्धं रस्ता अडवून उभं असतं.

शेवटच्या वर्षी सारथी मी होतो. माझी स्कूटर, मागे अक्का, अक्कांच्या मांडीवर कॅमेरा, कॅमेऱ्यावर कापड आणि रंगाची डबी. स्कूटर थांबायच्या आत त्या उतरायच्या आणि मी स्टँड लावेपर्यंत आतून आवाज यायचा, "झालं, चला." प्रत्येक घरी आग्रहाची कॉफी, ती त्या चालता चालता प्यायच्या आणि पेला दाराशी भेटेल त्याच्या हातात द्यायच्या. एका घरी तो माझ्या हातात आला. मी तो पुढच्या तीन घरांपर्यंत वागवला.

हूटगळ्ळीला एका नव्या कोऱ्या बंगलीत तुळसाबाई नावाच्या आजी होत्या. नव्वदीच्या पुढच्या, डोळ्यांनी जवळजवळ अधू. त्यांच्या सुनेने ठसा हौसेने काचेच्या चौकटीत घालून दिवाणखान्यात टांगला होता आणि पूजा म्हणून काचेवरच कुंकू लावलं होतं.

"काढता येत नाही अक्का, स्क्रू मारलेत," सून म्हणाली.

अक्कांनी पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला. सून बघत राहिली. मीही.

ठसा आजींच्या मांडीवर ठेवला. त्यांनी अंगठा फिरवला, सावकाश, कडेने, मग आत.

"रेघांचा आहे," त्या म्हणाल्या. "गंडभेरुंड. दोन डोक्यांचा पक्षी. माझ्या सासऱ्यांच्या हातचा. याचा रंग सुब्बूकडे गेला."

"सुब्बू कोण?"

"माझा दीर. बोलत नाही आमच्याशी."

"कधीपासून?"

"लग्नापासून."

"त्यांच्या?"

"माझ्या."

सून मध्येच म्हणाली, "सुब्बूमामा जाऊन वीस वर्षं झाली."

"मग आता कसा बोलेल," आजी म्हणाल्या.

अक्का एव्हाना कॅमेऱ्यात सकाळचे फोटो उलटे सरकवत होत्या. सुब्बूच्या नातसुनेकडे आम्ही दोन तासांपूर्वीच जाऊन आलो होतो. तिच्या पाटावर एक ठसा होता, ज्याला ती आपली 'कोंबडा' म्हणत होती. आमच्याही वहीत कोंबडा अशीच नोंद होती. पुढच्या आठवड्यात बांधणीच्या खोलीत हरिणींनी पडद्यावर रेघा आणि रंग एकमेकांवर आणले. कोंबड्याला दुसरं डोकं फुटलं आणि गंडभेरुंड पंख पसरून उभा राहिला. मी इतक्या वर्षांत अक्कांना गप्प पाहिलं ते तेवढंच. साधारण अर्धा मिनिट.

मग त्या म्हणाल्या, "बेगा, बेगा. लवकर हे आजींना ऐकवायचंय."

आजींना दिसत नव्हतं, म्हणून अक्कांनी त्यांच्या कानाशी सुब्बूच्या नातसुनेचा आवाज लावला. "हा आमच्या घरचा कोंबडा," असं त्यात ती म्हणत होती. आजी दोनदा ऐकून म्हणाल्या, "कोंबडा म्हणते. तिला म्हणावं ये एकदा कॉफीला, सांगते कोंबडा कसा असतो." आणि ती नातसून गेली. सोबत ठसाही घेऊन गेली. सत्तरेक वर्षांनी त्या दोन घरांतल्या कुणी दुसऱ्याचा उंबरा ओलांडला. बांधणीच्या खोलीतल्या त्या मशीनमध्ये असली कितीतरी दारं होती, आणि जूनला ती मिटणार होती.

फेब्रुवारीत विद्यापीठाने समिती नेमली. अक्कांना वाटलं, आता होणार. अध्यक्ष कुलसचिव. शिवाय विभागप्रमुख, काजू आणि पाण्याच्या छोट्या बाटल्या. हरिणींनी प्रोग्रॅम सुरू केला. यंत्राने सगळे ठसे आपल्या अकलेने गटांत लावून दाखवायचे होते. लावले. पडद्यावर एक भलामोठा गट आला. त्यात कोयरी, मोर, कळी, वेल, गंडभेरुंड सगळे एकत्र, आणि बाजूला उरलेल्यांचा एक लहानसा गट. मोठ्या गटाखाली यंत्राचा निष्कर्ष: सामाईक नक्षी, एक तांबडा गोल.

काजू खाता खाता सगळे पडद्याकडे वाकले. मग मला कळलं, आणि मी काजूत तोंड खुपसलं. कुंकू. आयुधपूजेच्या पाटावर काढलेल्या प्रत्येक फोटोत ठशाच्या कपाळावर कुंकवाची टिकली होती. यंत्राला वाटलं, म्हैसूरच्या समस्त रंगाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खपून एकच नक्षी कोरली. टिकली. हरिणी लालबुंद झाल्या. कुलसचिव हसून हसून डोळे पुसू लागले.

अक्का उभ्याच होत्या. म्हणाल्या, "यंत्र चुकलं नाही सार. बघा ना. टिकली असलेले एका बाजूला, नसलेले एका बाजूला. टिकली आहे त्या घरात अजून पूजा होते. नाही त्या घरात ठसा आहे, पण तो काय आहे हे कुणाला ठाऊक नाही. तिथे म्हातारं माणूस पण उरलेलं नाही. आधी या दुसऱ्या घरांत पळायला हवं होतं. आम्ही तीन वर्षं उलटे पळालो. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, त्या मशीनने सांगितलं."

हसू थांबलं. हरिणी वहीत भराभर लिहू लागल्या. कुलसचिव गंभीर झाले, पुढे झुकले. मला वाटलं, पडला मासा जाळ्यात.

"असं म्हणता?" ते म्हणाले. "मग हे धर्मशास्त्र विभागाकडे द्यायचं का?"

समितीने कामाची प्रशंसापूर्वक नोंद घेतली. प्रशंसापूर्वक नोंद म्हणजे काय, ते नोकरी केलेल्यांना सांगायला नको.

त्यानंतरचे तीन महिने अक्का जास्तच पळाल्या, पण पळण्यात दिशा राहिली नव्हती. एकाच दिवसात एकाच विभागात दोनदा जायच्या. मला दारातून विचारायच्या, "देसायरे, भूगोल विभाग राहिला का?" आणि उत्तराआधी निघून जायच्या. बैलकुप्प्याच्या एका तिबेटी मठात जुन्या पोथ्यांचे फोटो काढून ठेवतात असं कुणी तरी सांगितलं, तर रविवारी बसने तिकडे जाऊन आल्या. तिथल्या भिक्षूंनी नीट ऐकून घेतलं, चहा दिला आणि विचारलं, "तुमच्या विद्यापीठात कुणी नाही का?"

"काय सांगणार होते मी त्यांना?" अक्का म्हणाल्या. "आहेत की. पुष्कळ आहेत."

मे संपत आला. निवृत्त होताना आपली कामं दुसऱ्याकडे सोपवावी लागतात, त्यासाठी ग्रंथालयाची कामवाटपाची यादी काढतात. कोणत्या पदावरच्या माणसाने काय करायचं, त्याची ही यादी. दर जूनला ती नव्याने टाइप होते, मुख्य ग्रंथपाल सही करतात आणि ती भिंतीवर लागते. वाचत कुणी नाही. अक्का ती घेऊन माझ्याकडे आल्या, नेहमीसारखं टाकून न जाता माझ्यासमोर धरून उभ्या राहिल्या.

"अकरा नंबर वाचा."

मी वाचलं. वाचनकक्षातील घड्याळास दर सोमवारी किल्ली देणे.

"पण ते घड्याळ सेलवर चालतं ना?"

"बारा वर्षं झाली. आणि आमचा शिपाई शिवण्णा अजून दर सोमवारी त्याच्याखाली जाऊन उभा राहतो, वर बघतो आणि वहीत सही करतो. रजेवर असला तर दुसऱ्याला पाठवतो." अक्कांचा आवाज खाली आला, जे फार क्वचित होई. "देसायरे, आपण चुकीच्या दारात उभे होतो. मी प्रकल्प, प्रकल्प म्हणून ओरडले. इथे प्रकल्प मरतात, विभाग मरतात. यादीतलं काम मरत नाही."

त्या दुपारी आम्ही दोघांनी चार ओळी लिहिल्या. मी तर आयुष्यात एवढ्या काळजीने काही लिहिलेलं नाही. शब्द मुद्दाम घड्याळाच्या किल्लीच्या चालीचे ठेवले. सतरा: बांधणी कक्षातील ठसा-संग्रहाचा संगणक रोज चालू व बंद करणे. अठरा: दर शनिवारी संग्रहाची प्रत काढून संगणक विभागात पोचवणे व पोच घेणे. एकोणीस: मागणी करणाऱ्यास ओळखपत्र व विभागप्रमुखांचे पत्र पाहून संग्रह दाखवणे. वीस: बिघाड झाल्यास लेखी कळवणे. पासवर्ड सीलबंद पाकिटात मुख्य ग्रंथपालांच्या कपाटात. हरिणींनी शनिवारच्या पोचेवर सही करायचं कबूल केलं, लेखी.

सही घ्यायला अक्का गेल्या तेव्हा मी मुद्रित दाखवायच्या निमित्ताने आत होतो. मुख्य ग्रंथपाल कधीही काहीही न वाचणारे गृहस्थ. त्या दिवशी त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. अकरावर थांबले, हसले. सतरावर थांबले, हसले नाहीत. मी छताकडे बघितलं. अक्कांच्या चपलेचा टाचेकडून आवाज येत होता, टक टक टक.

"हे कधीपासून आहे?"

"काम तीन वर्षं चालूच आहे सार. लिहायचं राहिलं होतं."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "अक्का, तुम्ही प्रस्ताव आणला असता तर तो मला समितीकडे पाठवावा लागला असता. ही यादी आहे. यादीवर मी सही करतो." आणि केली. पुढे म्हणाले, "आता ज्या खोलीत यादीतलं काम चालतं, ती खोली कशी रिकामी करणार? तसं मी कळवतो." मग कॉफीसुद्धा मागवली नाही.

जूनचे शेवटचे पंधरा दिवस अक्कांनी शिवण्णाला शिकवण्यात घालवले. पन्नाशीचा तो माणूस, संगणकाला पाय लागला तरी नमस्कार करणारा. तो वैतागायचा, अक्का वैतागायच्या, दोघं कन्नडात भांडायचे. "हा माझा छळ आहे," तो मला म्हणायचा. "पण यादीत आहे, काय करणार." निरोप समारंभात अक्कांना हार घातला, शाल दिली, भाषणं झाली. त्यांचं लक्ष सारखं भिंतीवरच्या यादीकडे होतं.

सप्टेंबरात मी सांगलीला परतलो. अक्कांशी अजून फोनवर बोलणं होतं. त्या चालत बोलतात, त्यामुळे निम्मे शब्द रिक्षांच्या भोंग्यात जातात. पण त्यांना डोळ्यांनी शेवटचं पाहिलं ते ऑगस्टमध्ये. मी ग्रंथालयात काही कागद द्यायला गेलो होतो. बांधणीच्या खोलीच्या दाराशी एक टेबल आडवं लावलेलं, टेबलामागे शिवण्णा, आणि समोर टॉवेलमध्ये काहीतरी गुंडाळून उराशी धरलेल्या अक्का.

"ओळखपत्र?" शिवण्णा म्हणत होता.

"अरे शिवण्णा, मी अक्का."

"माहीत आहे अक्का. ओळखपत्र आणि विभागप्रमुखांचं पत्र. एकोणीस नंबर. तुम्हीच लिहिलाय."

"पण मला बघायचं नाही. मला हा ठसा द्यायचाय फोटोला. टी. नरसीपूरहून आणला, त्या मोगऱ्याच्या कळीची जमीन."

शिवण्णाने मान वळवून भिंतीवरची यादी वाचली. सतरापासून वीसपर्यंत, बोट ठेवून, सावकाश.

"नवीन घेणे, असं कुठे नाही," तो म्हणाला. "चालू करणे, प्रत काढणे, दाखवणे, कळवणे. घेणे नाही."

मला वाटलं, आता काही खरं नाही. अक्कांनी यादी वाचली, शिवण्णाकडे बघितलं, मग वळून माझ्याकडे बघितलं. लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या घरी आई अचानक जावी आणि मुलीने आतूनच सांगावं, आत्ता स्वयंपाक चाललाय, बाहेर बस थोडं, तेव्हा आईच्या चेहऱ्यावर जे येतं ते अक्कांच्या चेहऱ्यावर होतं.

"देसायरे, बघितलंत?" त्या म्हणाल्या. "मला सोडत नाही."

मी म्हटलं, मी सांगतो त्याला.

"नको नको. सुम्ने, गप्प राहा तुम्ही." आणि शिवण्णाला म्हणाल्या, "एक कोरा कागद दे बघू."

त्याने दिला, वर नोंद करून. अक्कांनी त्याच टेबलावर वाकून लिहिलं: एकवीस, नवीन ठसा आल्यास त्याचा फोटो, छाप व आवाज घेऊन संग्रहात घालणे. मग त्या तरातरा जिना चढून मुख्य ग्रंथपालांच्या दाराशी गेल्या. तिथे बाहेरच्या माणसांची रांग होती. आता त्याही बाहेरच्याच होत्या. त्या रांगेत शेवटी उभ्या राहिल्या, एका पायावरून दुसऱ्या पायावर, टॉवेलमधला ठसा काखेत. पुढच्या तरुण मुलीने वळून विचारलं, तुमचं काय काम आहे.

"आमचं थोडं इथे सांभाळायला दिलेलं आहे," अक्का म्हणाल्या. "त्यात भर घालायचीय. किती वेळ लागतो हो इथे?"